मनोहररावांनी नापास केलेला कॉम्प्युटर

जुन्या शुक्रवारीत मनोहरराव काळबांड्यांचं घर शोधायला कुणाला वेळ लागत नसे. 'वस्तू पाहून देणारे मनोहरराव' एवढं म्हटलं की पानठेल्यावरचा माणूस चुना लावता लावता मानेनंच गल्ली दाखवायचा. शिलाई मशीन घ्यायची असो की सायकल, पंखा असो की कूलरची मोटर, त्या भागातली माणसं आधी मनोहररावांना सोबत घ्यायची आणि मगच दुकानाची पायरी चढायची. या कामाचं ते कुणाकडून काही घेत नसत. दुकानदाराकडून तर नाहीच.

ते मूळचे काटोलकडचे. थोरले भाऊ रुपराव गावी संत्र्याची बाग पाहत. मनोहरराव मॅट्रिक झाल्यावर नागपूरला आले आणि एका गिरणीच्या स्टोअरमध्ये लागले. गिरणीत येणारा पट्टा, बेअरिंग, दोरखंड, बल्ब, जे काही येईल ते तपासून घ्यायचं आणि वाईट असेल तर परत पाठवायचं, हे त्यांचं काम. एक खराब बेअरिंग हातून आत गेलं की एक माग बंद पडे आणि जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, येऊन सगळ्यांदेखत शिव्या देई. अशा तीस वर्षांत त्यांचा हात तयार झाला. वस्तू हातात घेऊन ते थोडा वेळ गप्प बसत, तिला उलटी करत, कानाजवळ नेत, वास घेत. यात काय पाहतात ते त्यांना विचारलं तर सांगता येत नसे.

सांगता येण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या. पहिली म्हणजे वस्तू खरोखर कशासाठी पाहिजे, हे ते आधी विचारत. माणसं सहसा खरं सांगत नाहीत. बातम्यांपुरता रेडिओ पाहिजे म्हणणाऱ्याला क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची असते आणि घरच्यापुरती शिलाई मशीन घेणारी बाई गल्लीभराचे झंपर शिवायला घेणार असते. मनोहरराव ते खरं कारण काढून घेत आणि पुढे कुणापाशी बोलत नसत.

दुसरी गोष्ट टिनाच्या खोलीची. त्यांच्या घरामागं टिनाचं छप्पर घातलेली एक खोली होती. मे महिन्यात दुपारी तिथं उभं राहवत नसे. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू घेण्याआधी ते तिला तिथं नेत आणि बारा ते तीन चालवत. "नागपुरात राहाचं अशीन तर नागपूरचं ऊन सोसलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. वस्तू टिकली तर 'घ्या' म्हणत, नाहीतर 'नको'. यापलीकडे तिसरा शब्द नसे आणि एकदा दिलेला शब्द त्यांनी तीस वर्षांत मागं घेतला नव्हता. घेण्याची पाळीच आली नव्हती.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात धंतोलीचे विश्वनाथ डबीर त्यांच्याकडे आले. डबीर एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दहा वर्षांपूर्वी मनोहररावांनी त्यांना एक पंखा पाहून दिला होता आणि तो अजूनही कुरकुरत नव्हता. या खेपेला सोबत त्यांची मुलगी अरुंधती होती. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती.

"मनोहरराव, हिला कॉम्प्युटर पाहिजे म्हणते," डबीर बसता बसता म्हणाले. "घरात ठेवायचा. टीव्हीला जोडतात म्हणे. विम्याची एक पॉलिसी पिकली आहे, तेवढ्यात बसला पाहिजे. दोन ठिकाणी आहेत. सीताबर्डीवर भैय्याजींच्या दुकानात नवा आहे आणि कामठीला गणपतराव म्हणून आहेत, त्यांच्या मुलानं कुवेतहून आणलेला जुना आहे. तुम्ही पाहा. तुम्ही हो म्हणाल तो घेऊ. दोन्ही नको म्हणालात तर विषय संपला. मग मी पुन्हा ऐकून घेणार नाही, काय अरुंधती?"

मनोहररावांनी कॉम्प्युटर पेपरात पाहिला होता, तोही कपाटाएवढा. हे काम आपलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण डबीर त्यांच्याकडे पंख्याच्या वेळी जसे पाहत होते तसेच पाहत होते. "पाहू," ते म्हणाले.

मनोहररावांच्या पत्नी सुभद्राबाई चहा घेऊन आल्या आणि डबीर त्यांच्याशी बोलण्यात गुंतले, तेव्हा मनोहररावांनी अरुंधतीला टिनाची खोली दाखवायला म्हणून मागं नेलं.

"आता खरं सांग बाई. कायले पाहिजे?"

"अभ्यासाला, काका."

"ते बापासाठी झालं. मले सांग."

अरुंधतीनं एकदा मागं वळून पाहिलं. "खेळासाठी. म्हणजे नुसतं खेळायला नाही. मला खेळ लिहायचा आहे. आमच्या वर्गात तिघांकडे भैय्याजींच्या दुकानातला आहे तसाच आहे. एकमेकांच्या कॅसेटी चालतात. त्यात मी सांगीन तसं पडद्यावर हलतं. चेंडू येतो, भिंतीवर आपटतो, वीट पडते. तो चेंडू कसा उडवायचा ते आपण ठरवायचं."

"अन् त्यानं होते काय?"

"काही नाही होत," ती म्हणाली आणि हसली. "मजा येते."

"बरं. मी कोणाले सांगत नाही. पण खेळाची मशीन वेगळी पाहा लागते."

"वेगळी का?"

"हिशेबाची मशीन माणूस काम झालं की बंद करते. खेळाची तू बंदच करणार नाहीस."

अरुंधतीला हे इतकं पटलं की तिनं नुसती मान हलवली.

भैय्याजी मशीन द्यायला लगेच तयार झाले. मनोहररावांच्या शब्दावर त्यांच्याकडे इतकी गिऱ्हाइकं आली होती की चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. नुसतं म्हणाले, "पाहा बाप्पा, नाजूक चीज आहे. कूलरची मोटर नाही हे."

त्या आठवड्यात मनोहररावांना गिरणीत रात्रपाळी होती. सोमवारी साडेअकराला अरुंधती टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन आली. मनोहररावांनी घरातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही उचलून टिनाच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. शेजारी त्यांनी चौघडी केलेली गोधडी अंथरली. हीसुद्धा त्यांची रीत होती. दुसऱ्याची वस्तू तपासायला घरी आणली की तिच्या बुडाला एक ओरखडासुद्धा पडता कामा नये, म्हणून रेडिओ असो की मिक्सर, ते आधी गोधडी घालत. गोधडी सुभद्राबाईंच्या हातची, जुन्या लुगड्यांची, चांगली जाड होती. तिच्यावर त्यांनी तो काळा, चपटा, पाटीएवढा कॉम्प्युटर दोन्ही हातांनी ठेवला. कॉम्प्युटर गोधडीत बोटभर रुतला. अरुंधतीनं तिकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

कॅसेट लावली तशी टेपमधून किरकिर सुरू झाली. सुभद्राबाई पदर सावरत दाराशी आल्या.

"काय रडून राहिलं हे?"

"रडत नाही काकू, खेळ आत जाऊन राहिला," अरुंधती म्हणाली.

"आत जातानाच इतकं ओरडते त बाहेर येतानी काय करन?" असं म्हणून त्या निघून गेल्या.

पाच मिनिटांनी किरकिर थांबली आणि पडद्यावर विटांची भिंत उभी राहिली. अरुंधती खेळू लागली. मनोहरराव स्टुलावर बसून पडद्याकडे न पाहता मशीनकडे पाहत होते. घाम त्यांच्या कानामागून बंडीत उतरत होता. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं. अधूनमधून छपराचा टिन कटकट वाजे.

चाळीस मिनिटं झाली असतील. चेंडू मध्येच थांबला. भिंतीच्या जागी काळेपांढरे ठिपके आले आणि पडदा तसाच राहिला. अरुंधतीनं कळ दाबली, दोन दाबल्या. काही हललं नाही. मनोहररावांनी प्लग काढला, मशीनवर हात ठेवला आणि चटकन उचलला.

"तापली," ते म्हणाले. "चाळीस मिनिटांत. अजून एकसुद्धा वाजला नाही."

"पुन्हा एकदा लावून पाहू या ना, काका. थंड झाल्यावर."

"थंडीत त सगळंच चालते बाई."

त्याच संध्याकाळी सायकलवरून ते धंतोलीला गेले आणि दारातूनच म्हणाले, "डबीरसाहेब, नवीन नको." डबीरांनी 'का' असंही विचारलं नाही. "उत्तम. आता कामठीचं पाहा," म्हणाले. आतल्या दाराशी अरुंधती उभी होती. ती वळून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी मशीन परत नेऊन दिली. भैय्याजींनी कपाळावर हात मारला. "अहो, उन्हात बसवली? उन्हात माणूस बसत नाही, तिथं ही काय बसन! पण तुम्ही नको म्हटलं त नको. मी काही बोलत नाही. अमरावतीचा एक जण दोनदा चक्कर मारून गेला, त्याले देतो. माझ्याजवळ ही एकच आहे."

बुधवारी कामठीहून गणपतरावांची मशीन आली. ती जुनी होती आणि आकारानं चांगली मोठी, खाली अंगठ्याएवढे रबराचे पाय. तिच्या दोन कळा अडकत. अरुंधतीच्या कॅसेटी तिला चालत नव्हत्या. सोबत आलेल्या एका कॅसेटवर कुठलासा मोटारीचा खेळ होता, तो लावला. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. मोटार पडद्यावरून जात राहिली. अरुंधती एका हातानं कळ दाबत होती आणि दुसऱ्या हातावर हनुवटी ठेवून बसली होती. तीन वाजले तरी मशीन चालू होती.

"ही टिकली," मनोहरराव म्हणाले.

"हो, काका."

"आवडली नाही?"

"चांगली आहे," ती म्हणाली. "बाबांना तुम्हीच सांगा." ती आपला टेपरेकॉर्डर घेऊन निघून गेली.

मनोहरराव मशीन बांधायला लागले. गुंडाळण्यासाठी त्यांनी तिला उचललं आणि रोजच्या सवयीनं खालच्या गोधडीवर तळवा फिरवला. गोधडी कोमट होती, खोलीतल्या हवेएवढीच. सोमवारी, ती नवी मशीन उचलली तेव्हा, हीच गोधडी तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी लागली होती. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

त्यांनी हातातली मशीन उलटी केली. तिच्या पोटाला लांब लांब फटी होत्या. तशाच फटी सोमवारच्या मशीनलाही होत्या. परत नेण्यासाठी कागदात गुंडाळताना त्यांनी पाहिल्या होत्या. तिचे पाय मात्र तांदळाच्या दाण्याएवढे होते.

ते स्टुलावर बसले. इतक्या लोकांना त्यांनी कूलर लावून दिले होते. कूलरची पाठ भिंतीला टेकवली तर तो हवा कुठून घेईल, हे त्यांनी प्रत्येक घरी सांगितलं होतं, हात लांब करून अंतर दाखवलं होतं. त्या पोरीच्या मशीनचं नाक त्यांनी स्वतः गोधडीनं दाबून धरलं होतं, आणि मग ती गुदमरली म्हणून तिला नापास केलं होतं.

सुभद्राबाई आत आल्या तेव्हा ते तसेच बसून होते. "जीव जाईन इथं. बाहेर या," त्या म्हणाल्या.

"मी चुकलो," मनोहरराव म्हणाले.

"कायच्यात?"

त्यांनी सांगितलं. सुभद्राबाईंनी ऐकून घेतलं. "कोणाले समजलं?"

"कोणालेच नाही."

"मंग?" त्या म्हणाल्या. "तीस वर्सं झाली. लोक तुमच्या शब्दावर येतात. एक मशीन अशी गेली न् तशी आली. कामठीची चालते नं?"

"चालते. पण तिले ती नाही पाहिजे."

"तिनं म्हटलं तसं?"

"नाही म्हटलं."

"मंग झालं," सुभद्राबाई म्हणाल्या. पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्या घरात गेल्या. आतून सायकलची किल्ली आणून त्यांनी टेबलावर ठेवली.

मनोहरराव लगेच गेले नाहीत. ते आधी अंघोळ करून आले. मग अंगणात बसून राहिले. कामठीची मशीन टिकली तर डबीर ती रविवारी घेणार होते. चार दिवस होते. चार दिवस गप्प राहिलं की रविवारी सगळं आपोआप संपणार होतं, आणि त्यांचा शब्द जसा होता तसा राहणार होता. गिरणीतले दिवसही आता फार उरले नव्हते; गिरणी आज बंद पडेल, उद्या बंद पडेल, असं चाललं होतं. ती गेली की लोकांनी दाराशी यावं असं त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. हा हिशेब त्यांनी मनात नीट केला. दिवेलागणीच्या सुमारास ते उठले आणि सायकल काढून धंतोलीला गेले.

डबीर अंगणात खाट टाकून बसले होते. मनोहरराव बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "साहेब, माझं चुकलं. नवी मशीन खराब नव्हती. मी तिले गोधडीवर ठेवलं. तिची खालची हवा बंद झाली. म्हणून ती तापली. आता भैय्याजीनं ती अमरावतीच्या गिऱ्हाइकाले देऊन टाकली."

डबीरांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही शब्द फिरवता?"

"हाव. फिरवतो."

"पण ती तर गेली ना अमरावतीला? अहो, मग आता काय उपयोग! कामठीचा चालतो आहे, तो घेऊन टाकू. तुम्हीच पाहिला ना? तीन तास चालला ना?"

"चालला. पण तो घ्या असं मी म्हणत नाही. हिले विचारा."

"तिला काय विचारायचं? तिला कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

"मले त्यातलं काही समजत नाही, साहेब," मनोहरराव म्हणाले. हे वाक्य तोंडातून निघायला सोपं होतं, याचं त्यांना नंतर नवल वाटलं. "मले ऊन समजते. कॉम्प्युटर नाही समजत. हिले समजते."

डबीरांनी हाक मारली. अरुंधती बाहेर आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"मला वाटलं होतं, काका," ती हळूच म्हणाली. "गोधडी घातली तेव्हाच."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

डबीरांनी पाय खाली सोडले, चपला शोधल्या, पुन्हा पाय वर घेतले.

"मग तुझं काय म्हणणं आहे?" शेवटी त्यांनी मुलीला विचारलं.

"मी थांबते, बाबा. तसाच दुसरा येईपर्यंत."

"सुट्टी निघून जाईल."

"जाऊ दे."

डबीर मनोहररावांवर रागावले होते, आणि तो राग पुढे बरेच दिवस टिकला. कचेरीत त्यांनी गोधडीची हकीकत दोघातिघांना सांगितली. ती जुन्या शुक्रवारीपर्यंत पोचायला आठवडासुद्धा लागला नाही. पानठेल्यावर एकानं मनोहररावांना गाठून विचारलं, "काय मनोहरराव, म्हणते तुम्ही कॉम्प्युटर झोपवून ठेवला होता?" मनोहरराव हसले. "हाव गा. उठलाच नाही मंग," ते म्हणाले.

भैय्याजींकडे तशी दुसरी मशीन यायला ऑगस्ट उजाडला. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि टिनाच्या खोलीत घालून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. अरुंधती वडिलांना घेऊन गेली आणि मशीन घेऊन आली. नंतर एकदा ती जुन्या शुक्रवारीत येऊन सांगून गेली, की लाकडाच्या दोन पट्ट्यांवर ती मशीन ठेवते आणि ती ठीक चालते. खेळ लिहिण्याचं तिनं काही सांगितलं नाही आणि मनोहररावांनीही विचारलं नाही. सुभद्राबाई तिथंच बसल्या होत्या.

त्यानंतर मनोहररावांकडे येणारी माणसं कमी झाली का, हे नक्की सांगता येणार नाही. काही कमी झाली असतील. जी येत, त्यांना मात्र एक बदल जाणवायचा. वस्तू हातात घेऊन झाली, उलटी करून झाली, कानाशी नेऊन झाली, की मनोहरराव शब्द देण्याआधी थांबत आणि जो ती वापरणार असेल त्याच्याकडे पाहत. बहुतेकांना याची अडचण व्हायची.

दिवाळीनंतर मौद्याहून एक जण पिठाच्या गिरणीची मोटर घ्यायला आला. सात-आठ वर्षं गिरणी चालवलेला माणूस. अंगावर पिठाचा वास होता. मनोहररावांनी आधी त्याला विचारलं, "तुले काय वाटते? कोणती घ्यावी?"

तो माणूस त्यांच्याकडे पाहतच राहिला. "अजी, मलेच वाटलं असतं त तुमच्याजवळ काहून आलो असतो गा?"

"तरी पाह्य," मनोहरराव म्हणाले, आणि पायांत चपला सरकवून त्याच्यासोबत मोटर पाहायला निघाले.